हुकूम न देणारा मुकादम

लेस्टर ट्रेविननं बावीस वर्षांत कुणाला म्हणून हुकूम सोडला नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! कारिंगा गावच्या गहू साठवणीच्या केंद्रावर तो मुकादम होता. पण 'हे कर, ते कर' ही भाषा त्या मुलखात चालतच नाही. साहेबगिरी करणाऱ्याची तिथली माणसं अशी टवाळी करतात की आठवड्यात त्याला जीव नकोसा व्हावा. तिथं म्हणायचं, 'बघ बाबा, जमलं तर.' मग समोरचा उठलाच म्हणून समजा.

सोमवारी एका ट्रकवरची ताडपत्री अडकली. मागे वीस ट्रक गव्हानं भरून उभे, आणि पश्चिमेला ढग चढत होते. लेस्टर हाताखालच्या ऑल्बीला तेच म्हणाला, 'बघ बाबा, जमलं तर,' आणि मागं वळला. घाईत ऑल्बी कमरेचा सुरक्षेचा पट्टा न बांधताच शिडी चढला आणि बारा फुटांवरून पाठीवर आदळला. अजून त्याचे पाय हलत नव्हते.

आज गुरुवार. पत्र्याच्या खोलीत सरकारी तपासनीस वेलाबाई कागद मांडून बसल्या होत्या. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन होतं आणि आत पंखा गरम वारा फेकत होता. ऑल्बी आपल्या मनानं चढला असं ठरलं, तर नियम मोडला म्हणून त्याची नोकरी जाणार होती. लेस्टरनं पाठवलं असं ठरलं, तर लेस्टरची. अठरा वर्षं दर रविवारी दोघं एकाच शेगडीवर सॉसेज भाजत आले होते.

"तुम्ही त्याला चढायला सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही. जमलं तर बघ म्हणालो, एवढंच."

शब्द न् शब्द खरा होता. बाईंनी लिहून घेतलं, कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. इतक्या सहज सुटू असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

त्यानं पेन उचललं तोच टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. ऑल्बीच्या जागी आलेली केरिन बोलत होती. ताडपत्री परत अडकली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवत होते. काय करू, ती विचारत होती.

लेस्टरचं लक्ष सहीच्या रेघेवर होतं. त्यानं बटण दाबलं आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "बघ गं, जमलं तर."

वेलाबाईंनी मान वर केली. त्या खिडकीकडे पाहू लागल्या. लेस्टरनंही पाहिलं. केरिन ट्रकपाशी पोचलीसुद्धा होती. पट्टा खुंटीवरच लटकत होता. तिनं एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं, हात पँटला पुसले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या.

लेस्टरनं झडप घालून वॉकीटॉकी उचलला.

"केरिन, खाली उतर!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता. मी सांगतोय."

केरिन थबकली. आवारातली सगळी माणसं खोलीकडे बघू लागली, कारण त्याचा असा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. ती उतरली, जरा रागानंच, आणि ट्रकच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

लेस्टरला खुर्चीत बसवेना. त्यानं पेन खाली ठेवलं आणि कागद बाईंकडे परत सरकवला.

"ते खोडा," तो म्हणाला. "ऑल्बी आपल्या मनानं चढला नव्हता. मी त्याला चढवलं."

बाईंनी ओळ खोडली आणि नवा कागद घेतला.