आठ, सोळा की चौसष्ट

घरच्या कॉम्प्युटरला रॅम किती लागते, हा प्रश्न ती दुकानात दिवसातून दहा वेळा ऐकत असे, आणि दहाही वेळा हातातल्या कामावरची नजर न काढता "आठ पुरे" असं सांगून मोकळी होत असे. तिचं दुकान म्हणजे औषधाच्या दुकानाला चिकटलेला एक गाळा. आत दोन टेबलं, पोट उघडं टाकून पडलेली पाच-सहा यंत्रं आणि डबीगणिक वेगळे स्क्रू. ताई उगीच काही गळ्यात मारत नाहीत, अशी तिची ख्याती होती. तिने "नको" म्हटलेली वस्तू त्या रस्त्यावर कोणी विकत घेत नसे. अपवाद एकच, तिचे बाबा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

बाबांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. आता स्टुडिओ बंद होता आणि सगळ्या निगेटिव्ह खोक्यांत भरून घरी आल्या होत्या. गावच्या वाचनालयाने त्यांच्याकडे बारा फोटो मागितले होते, कामात गुंतलेल्या माणसांचे, नव्या दालनाच्या भिंतीवर लावायला. मुदत सोमवारपर्यंत. म्हातारा हरखून गेला होता. महिनाभर बसून त्याने एकशे चाळीस निगेटिव्ह स्कॅन केल्या, आणि नेमकं निवडायची वेळ आली तेव्हा कॉम्प्युटरने मान टाकली.

अशा वेळी माणूस आपल्या पोटच्या, त्याच धंद्यातल्या मुलीला फोन करील की नाही? बाबांनी केला एका मोठ्या दुकानाला. तिथल्याने चौसष्ट जीबी रॅम घ्या म्हणून सांगितलं. मग मुलीला फोन.

"ठके, उद्या त्यांचा माणूस रॅम आणून देईल. तू फक्त बसवून दे. जमेल ना?"

ते "जमेल ना" तिला जाऊन टोचलं. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. बाबा तिच्या हातचं काम चालवून घेत, पण सल्ला मात्र परक्याचा.

"चौसष्ट कशाला, बाबा? आठ आहे ना तुमच्याकडे? आठ पुरे."

"तो म्हणाला फोटोंना लागते."

"तो विकायला बसलाय."

"आणि तू काय करायला बसलीयेस?" बाबा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

दुपारी दुकान बंद करून ती तणतणतच माहेरी पोचली. आईने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून पंख्याचा वेग वाढवला.

बाबा खिडकीशी कॉम्प्युटरसमोर बसले होते. तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच व्याख्यान सुरू केलं. "रॅम म्हणजे कपाट नव्हे, बाबा, टेबल. फोटो राहतात कपाटात, ते तुमचं अर्धं रिकामं आहे. टेबलाला जागा लागते ती एका वेळी जेवढं काढून ठेवाल तेवढ्यापुरती."

"आणि माझं टेबल तू बघितलंस?" बाबांनी शांतपणे विचारलं. "फोनवर आठ म्हणून मोकळी झालीस. समोरच्या माणसाला न बघता मी कधी फोटो काढला का गं?"

बाबांचं खरं होतं. दहातल्या दहा गिऱ्हाइकांना जे सांगायची तेच तिने बापालाही सांगितलं होतं. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि दुसऱ्या कुणी केलं असतं तर हीच बया त्याला चार शब्द सुनावून आली असती.

"दाखवा," ती खुर्ची ओढून म्हणाली.

बाबांनी दाखवलं. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी पहिला फोटो उघडला, मग दुसरा, मग तिसरा. बंद एकही करेनात. विसाव्याला यंत्रातला पंखा घोंघावायला लागला. तेविसाव्याला सगळंच थिजलं.

"अहो, सगळे एकदम का उघडताय?"

"मग निवडू कसा? एकेकटा बघितला की प्रत्येक फोटो बरा वाटतो. शेजारी शेजारी ठेवले की कुठला खोटा ते कळतं."

तिला एकदम हसू आलं, आणि मग हसू नये असंही वाटलं, कारण माणूस काही चूक बोलत नव्हता.

"स्टुडिओत रीळ धुतलं की आधी काय करायचात?"

"कॉन्टॅक्ट शीट. अख्खं रीळ एका कागदावर, तिकिटाएवढे फोटो. त्यातले खूण केलेलेच पुढे मोठे..." बोलता बोलता बाबा थांबले.

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं, फोल्डर उघडलं आणि चित्रं बारीक केली. न्हावी, लोहार, टपालवाली, शिंपी, पाव भाजणारे दोघे भाऊ, सगळे ओळीने पडद्यावर येऊन बसले. पंख्याने हूं की चूं केलं नाही. बाबांनी खणातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि थेट पडद्यावर टेकवलं.

"ठके, यात नुसते रंगीत ठिपके दिसतायत!"

"भिंग आत आहे, बाबा. हे माउसचं चाक फिरवा."

तासाभरात बारा फोटो ठरले. मग एकेकावरची धूळ आणि ओरखडे पुसायला बाबांनी चार फोटो मोठे उघडून कामाला सुरुवात केली, आणि पंखा पुन्हा ओरडायला लागला. तिने रॅमचा आकडा बघितला. नुसतं उघडण्यापेक्षा पुसापुशीला प्रत्येक फोटो कितीतरी जास्त जागा खात होता; आठ काठोकाठ भरली होती. दुसऱ्यांदा तोंडघशी पडायची पाळी आली होती, पण आता ती बघून बोलणार होती.

"बाबा, आठ कमी पडते. माझं चुकलं."

"मग चौसष्ट?"

"नाही. सोळा. तुम्ही एका वेळी चार-सहा फोटो उघडणार, त्याला सोळा भरपूर झाली. चौसष्टातली बाकीची नुसती बसून राहील."

"नक्की?"

हा शब्द दुकानात ती रोज ऐकायची आणि मान वर न करता उत्तर द्यायची. आज तिने आकडा पुन्हा एकदा बघितला.

"नक्की."

बाबा उठून बाहेरच्या खोलीत गेले. "गेले त्या दुकानदाराला विचारायला," आई चहाचा कप ठेवत म्हणाली. तिलाही तेच वाटलं. पिशवीत आठ जीबीची एक पट्टी होती. आहे त्या आठात ती घातली की सोळा होणार होती. पण बाबा काय ठरवून येतात कोण जाणे, म्हणून ती पट्टी हातात धरून बसून राहिली.

भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

"हो, मीच. उद्या माणूस पाठवू नका... नाही हो, दुसरीकडून नाही घेत. माझी मुलगी म्हणते सोळा पुरे... असेल, तुम्ही म्हणता तसंही असेल. पण तुम्ही माझं काम बघितलेलं नाही, तिने बसून बघितलंय... छे, आणखी कुणाला कशाला विचारू? ती याच कामातली आहे."

तिने घाईघाईने यंत्राचं झाकण काढलं आणि डोकं आत खुपसलं. डोळे भरून आले होते आणि स्क्रूही दिसेनात. बाबा परत आले ते दारातच थबकले.

"काय झालं गं हिला?" त्यांनी आईला विचारलं.

"काही नाही. अंधार आहे तिथे," आई म्हणाली.

बाबांनी टेबलावरचा दिवा उचलला. उजेड कुणावर, किती आणि कुठून पडावा, हे ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्या कुणालाही ठरवू दिलं नव्हतं, तो माणूस दिवा हातात घेऊन तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला.

"सांग," बाबा म्हणाले, "कुठून धरू?"