पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

टीव्हीवर मंत्र्यांनी एक कागद वर धरला, तसा म्हातारा खुर्चीतून उठला आणि पडद्याला नाक लागेल इतका जवळ जाऊन उभा राहिला. अक्षर त्याचंच होतं. बंदराच्या धक्क्यावर एकतीस वर्षं त्याने भरतीचं पाणी मोजलं होतं, त्याच वह्यांतलं हे एक पान. आकड्यांशेजारी पेन्सिलीने काढलेली बारीक प्रश्नचिन्हं कुणीतरी लाल शाईने गोल करून ठेवली होती.

"समुद्र चढतोय म्हणून शास्त्रज्ञ तुम्हाला घाबरवतात," मंत्री सभेला सांगत होते. "आणि ज्याने स्वतः पाणी मोजलं, त्यालाच शंका! एका पानावर सहा शंका! असल्या आकड्यांवर खालची आळी उठवायची? कुणालाही घर सोडावं लागणार नाही, हा माझा शब्द!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"अरे मेल्या, शंका कुणाला होती?" म्हातारा रिकाम्या खोलीत ओरडला.

वारा सुटला की धक्क्यावरच्या मोजपट्टीवर पाणी खालीवर नाचायचं. अशा दिवशी तो दोन लाटांमधला आकडा धरायचा आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचा. म्हणजे एवढंच, की बोटभर इकडेतिकडे असेल. बाकीचे मोजणीवाले असल्या भानगडीत पडत नसत. ते खिडकीतूनच पाण्याकडे बघून आकडा ठोकून देत आणि घरी जात. त्यांची पानं कशी आरशासारखी स्वच्छ! ह्याच्या प्रश्नचिन्हांवरून कचेरीत थट्टा व्हायची. पण बोटभर वर, बोटभर खाली हे वर्षाच्या सरासरीत फिटून जायचं. एकतीस वर्षांत पाणी चार बोटं चढलं होतं, ते चढलंच होतं.

त्याने चपला घातल्या आणि तो खालच्या आळीकडे निघाला. तिथे त्याचा मुलगा राहत होता. येत्या रविवारी ते सगळे टेकडीवरच्या सरकारी घरात जायचे होते. त्यासाठी म्हाताऱ्याने दोन वर्षं मुलाच्या मागे टुमणं लावलं होतं.

आळीच्या तोंडाशी शिलाईवालीने त्याला गाठलं. मशीन सोडून ती धावत आली होती.

"काका, तुमच्यामुळे घरं वाचली हो आमची!"

"अगं बाई, मी तसं लिहिलंच नाही. त्या चिन्हाचा अर्थ…"

"बघा, किती साधा माणूस!" ती शेजारणीला म्हणाली. तोवर चारपाच जण जमले होते. कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन दाबला. त्याला लाज वाटली आणि राग आला, आणि दोन्ही गिळून तो पुढे गेला.

घरात मुलगा खोक्यांवरची चिकटपट्टी उपटत होता. सून भांडी परत फळीवर लावत होती.

"हे काय चाललंय?"

"तुम्हीच शंका घेतली होतीत ना, बाबा? मग कशाला उगाच? माझं दुकान इथे, पोरीची शाळा इथे. आम्ही इथून हलणार नाही."

म्हातारा स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला. चौकटीवर नातीच्या, चिमणीच्या, उंचीच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला त्यानेच केलेल्या. आठांपैकी तीन खुणांपुढे प्रश्नचिन्ह होतं.

"हे का काढलं होतं, आठवतं?"

"चिमणी हलली होती," सून म्हणाली.

"मग? पोर वाढली की नाही वाढली?"

मुलाचा हात थांबला. म्हाताऱ्याने चौथ्या वाढदिवसाच्या खुणेवर बोट टेकवलं.

"मोठ्या भरतीला वादळ आलं, की ह्या घरात पाणी इथवर."

सून हातातलं पातेलं तसंच धरून त्या खुणेकडे बघत राहिली.

"नक्की येईल, बाबा?" मुलाने विचारलं. "शंभर टक्के?"

म्हाताऱ्याच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. वादळाचं कोण कसं सांगणार? यंदा, नाहीतर दहा वर्षांनी. पण समोर अर्धी रिकामी झालेली खोकी होती. त्याने ओठ ओले केले.

"शंभर टक्के."

मुलगा हळूच म्हणाला, "बस कितीला येईल ह्याचंसुद्धा तुम्ही कधी शंभर टक्के सांगितलं नाहीत. आज एकदम? कुणी पढवून पाठवलं तुम्हाला?"

त्याने पुढचं खोकं ओढलं आणि पट्टी टर्रकन फाडली. सून क्षणभर उभी राहिली, मग तिनेही पातेलं फळीवर ठेवलं.

"आजोबा, आत्ताच मोजा ना मला," आतून धावत आलेली चिमणी चौकटीला पाठ लावून म्हणाली. तिने टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ केली, श्वाससुद्धा रोखून धरला.

त्याने खिशातून पेन्सिल काढली. ती लाकडावर घसरली. रेघ तिरकी गेली. त्याने रेघेपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

चिमणीने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

"असं काय, आजोबा? मी तर हललेच नाही!"