खिलतूच्या पाटीवरचा आसरा

खिलतू गाव ओस पडून साठ वर्षे झाली आणि आता आमच्या कुळाला त्याचा इतिहास हवासा वाटू लागला आहे. छपरे शाबूत होती तोवर कुणी फिरकले नाही. नुसत्या भिंती उरल्या, तेव्हा कुळातल्या निवृत्त अधिकाऱ्यांना पूर्वज आठवले.

माझा पुतण्या दरबान खाली मुनस्यारीला, माझ्या आताच्या घरी, मजकूर घेऊन आला. गावाच्या तोंडाशी दगडी पाटी बसायची होती आणि खिलतूत संसार केलेल्यांपैकी हयात असलेली शेवटची बाई म्हणून तिच्याखाली माझी सही हवी होती.

"वाच," मी म्हटले.

"'येथील शूर व्यापाऱ्यांनी मीठ-लोकरीच्या व्यापारातून तिबेटशी अतूट मैत्री जोडली आणि संकटकाळी मित्रांना घरात आसरा दिला.' कसं वाटतंय, काकी?"

"घरात? कुणाच्या रे?"

"आपल्याच की!"

ती मैत्री मी पाहिली आहे. माझे सासरे खीमसिंह दर उन्हाळ्यात तिबेटची खिंड ओलांडून तिथल्या तारग्याल या व्यापारी मित्राच्या तंबूत उतरत आणि त्याच्याच वाडग्यातून लोणी-मिठाचा चहा पीत. परतल्यावर मात्र खिंडीच्या अलीकडे गोमूत्र शिंपडून शुद्ध होत. खालच्या खोऱ्यातल्या ब्राह्मणांनी आम्हाला उच्च कुळीचे म्हणावे, ही त्यांची जन्माची आस. ब्राह्मणांनी तसे कधी म्हटले नाही. मीठ तेवढे घेतले.

खिंड कायमची बंद होण्याआधी एका शरदात तारग्याल चिनी फौजेच्या भीतीने बायकापोरांसह पळून आला आणि आमच्या दारात उभा राहिला. घरात मुलींची लग्ने ठरायची होती; तिबेटी माणसे आत घेतली तर घर बाटले असे लोक म्हणाले असते. सासऱ्यांनी त्याला शेळ्यांच्या गोठ्यात उतरवले. चौथ्या दिवशी बर्फ पडत असतानाच ती माणसे निघून गेली. पुढे त्यांचे काय झाले, कुणी विचारलेही नाही.

"काकी, ते दिवसच तसे होते."

"दिवसांना काय बोल लावतोस? आपण तसे होतो. गोठ्यात वेगळ्या वाडग्यातून चहा मीच नेत होते. 'आत या' म्हणायला मलाही तोंड होतं. घर खोड, गोठा लिही, मग सही करते."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? गावात उरलंय कोण?"

त्याने कपाळाला हात लावला. "निदान 'आसरा' तरी ठेवू?"

"ठेव. शेळ्यांनी दिलाच होता."

त्याने घर खोडून गोठा लिहिला आणि मी सही केली. तो कागद घेऊन गेला, त्याला वर्ष झाले. पाटी अजून बसलेली नाही. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नाही, असे दरबान सांगतो.