नानांच्या नावाने दिलेलं मत

भूगोलाच्या बाई शाळेत तशा मवाळ. पण इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, जिथे कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं, तिथे त्या हट्टाला पेटत. धरणाच्या पानावर एका सर्व्हेयरशी त्यांची तीन आठवडे जुंपली होती. धरणासाठी अकरा गावं 'हलवली' असं तो लिही. बाई ते खोडून 'हुसकावली' करत. शेवटी मध्यस्थाने पानाला कुलूप लावलं आणि बजावलं, "आता चर्चेत आपापली मतं मांडा. सगळ्यांचं वाचून ठरवू."

शनिवारी दुपारी पारडं सर्व्हेयरकडे झुकलं. बाईंचे वडील आत झोपले होते. नाना छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. बाईंनीच त्यांना ज्ञानकोशात खातं काढून दिलं होतं, आणि ते रोज बसून लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत. त्यांचा टॅब टेबलावर होता. बाईंनी तो उचलला आणि नानांच्या नावाने लिहिलं, 'मी त्या भागात राहिलो आहे. हुसकावली हाच शब्द खरा.'

सोमवारी त्या शाळेतून आल्या, तर नाना दारातच.

"अगं, मला बंद केलंय. बनावट खातं म्हणे! एकाच घरातून दोन मतं, एकाच धाटणीची. मी कुणाचं काय घोडं मारलं?"

बाई चपला काढता काढता थांबल्या. "त्यांचीच काहीतरी गफलत असेल."

"तेच म्हणतोय तो सर्व्हेयर. हे बघ, त्याने लिहिलंय, 'या आजोबांनी माझे कितीतरी लेख निगुतीने तपासले आहेत. ते खोटं लिहिणार नाहीत.' भला माणूस दिसतो."

बाईंना पुढे वाचवेना. चपला पायातच होत्या.

"नाना, ते मत मी लिहिलं. तुमच्या नावाने, तुम्ही त्या भागात राहिलात असं सांगून."

नानांनी चष्मा काढला. "मी कधी राहिलो तिकडे?"

"नाही राहिलात."

"मग मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता."

बाई खुलासा लिहायला बसल्या. आधी 'विस्थापितांच्या कळवळ्यापोटी' असं लिहिलं, मग स्वतःचीच लाज वाटून खोडलं. उरलं एवढंच: 'ते मत माझं होतं. वडिलांना ठाऊक नव्हतं. मी खोटं लिहिलं.' खाली सर्व्हेयरने फक्त 'बरं' म्हटलं. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

बाईंना सहा महिने लिहायला बंदी झाली. कोणीतरी जुना सरकारी आदेश शोधून काढला आणि पानावर 'गावं उठवली' असं ठरलं. नानांचं खातं परत सुरू झालं.

त्या संध्याकाळी नानांनी पासवर्ड बदलायला घेतला. कसा बदलायचा ते बाईंनाच विचारावं लागलं. बाईंनी जागा दाखवली. नाना एकेक अक्षर दाबू लागले, आणि दाबता दाबता त्यांनी डावा हात आडवा धरला.

बाईंनी मान वळवली.