आधी गाव, मग बायका

गाव महापालिकेतून वगळावं म्हणून शत्रुघ्न कित्येक वर्षं भांडत होते. शेजारच्या उमेळ्याकडच्या बागायती वाड्या एकेक करून बिल्डरच्या घशात गेल्या, तसतसा त्यांचा आवाज चढत गेला. यंदाच्या गावसभेसाठी त्यांना काहीतरी जोरदार हवं होतं. सून दिपिका कॉलेजात इतिहास शिकवायची. तिला त्यांनी फर्मावलं, "अमेरिकावाल्यांनी चहा समुद्रात फेकला ना, तसलं लिहून दे. आमाला न विचारता कर लावनारे तुमी कोन, असं."

दिपिकाला हुरूप आला. रविवारभर बसून तिने लिहिलं, पण चहावर थांबली नाही. आपल्या पद्धतीने देव भजता यावा म्हणून समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलेली माणसं वेगळ्या मताच्या शेजाऱ्याला गावाबाहेर हाकलत. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे फक्त आपलं. मग करावरून राजाशी भांडण जुंपलं आणि तो शब्द घरोघरी पोचला. सगळे जन्मतः मुक्त आणि समान, असं तिथल्या एका राज्याच्या नव्या घटनेत लिहिलं गेलं. ते एका गुलाम बाईच्या कानावर पडलं, तशी तिने वकील गाठला. मग मी का नाही? ती खटला जिंकली. शेवटी दिपिकाने लिहिलं, गावासाठी लढणाऱ्या आपल्या कमिटीतही बायका हव्यात.

शत्रुघ्नांनी वाचून चष्मा काढला. "चहापरेंत झकास. पुढचं काप."

"का, बाबा?"

"आधी गाव सुटू दे. बायकांचं मग बघू."

"तिकडेही मगच बघितलं. बायकांना मत मिळायला दीडशेक वर्षं गेली."

"आता फाटे नको फोडू. एकी दिसली पायजे."

दिपिका तणतणत स्वयंपाकघरात गेली. सासू शकू भाकरी थापत होती. "मागच्या मोर्च्यात आमाला पुढं उभं केलं," ती हळूच म्हणाली, "पोलीस बायकांवर हात उचलनार नाय म्हनून. लाठीनं माझा हात मोडला तवा कुटं होती ही एकी?"

"आई, हे सभेत बोला ना!"

शकूने भाकरी उलटली.

सभेत शत्रुघ्नांचा चहा गाजला. टाळ्या थांबेनात. मग कमिटीची नावं वाचली गेली, सगळे पुरुष. दिपिका उठून उभी राहिली. "मला बोलायचंय."

"शेवटी घेऊ हां, वैनी," माइकवाला म्हणाला.

ती बसेना. तेवढ्यात कुणीतरी तिचा पदर मागून खाली ओढला. वळून बघते तर शकू. दिपिका खाली बसली. शेवट आला तेव्हा माइक बंद होता आणि लोक वडापावकडे वळले होते.

घरी येताच दिपिका उसळली, "तुम्ही? तुम्हीच मला ओढलंत?"

"कल्पेशचं नाव होतं कमिटीत. तू बोलली असती तर त्याला काढला असता. नवऱ्याचं नाव घालवनार होतीस?"

दिपिकाने नवऱ्याकडे बघितलं. कल्पेश मोबाइलवर अभिनंदनं घेत होता.

दुसऱ्या दिवशी शत्रुघ्न म्हणाले, "कलेक्टरला इंग्रजीत निवेदन पायजे. आज लिहून ठेव."

"कमिटीला सांगा."

"कमिटीत कोनाला येतं असलं इंग्रजी?"

"मग एखादी बाई घ्या कमिटीत."

त्यांनी सुनेकडे पाठ फिरवली. मग कल्पेशला हाक मारली. निवेदन त्याने मोबाइलवरून जमेल तसं जुळवलं. ते तसंच कलेक्टरकडे गेलं. दिपिकाशी घरात आठवडाभर कुणी धड बोललं नाही, शकूसुद्धा.