शस्त्राने गेलेल्यांचा दिवस

पितृपक्षाचे तेरा दिवस उलटले की नीलकंठशास्त्र्यांना माणसांचा कंटाळा येई. मेलेल्यांचा नव्हे. ते बिचारे तीळ आणि पाणी मिळालं की गप्प बसतात. कंटाळा जिवंतांचा. कोणाला गोत्र आठवत नाही, कोणाला आजीचं नाव ठाऊक नाही, कोणी पिंड वळता वळता फोन घेतो. अडुसष्टाव्या वर्षी हे सगळं हसून सोडून देण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता. रामघाट ते संकठा घाट एवढ्याच वाटेवर चाळीस वर्षं गेली होती आणि यंदा गुडघ्यांनीही संप पुकारला होता. त्यात पूर नुकता ओसरलेला, खालच्या पायऱ्यांवर घोटाभर गाळ. म्हणून ते वरच, देवळाच्या सावलीला आसन टाकून बसले होते.

आज चतुर्दशी, म्हणजे गर्दी कमी. हा दिवस शस्त्राने, घातपाताने गेलेल्यांचा. साध्या मरणाने गेलेल्याचं श्राद्ध आज करत नाहीत. एखादा खुनातला, एखादा अपघातातला, एवढं उरकून लवकर घरी जाऊन पाठ टेकावी, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात ही दोघं आली.

बाई साठीच्या आसपासची, नाव गंगा. बरोबर तिचा धाकटा दीर, काशीनाथ. मंडालेच्या पलीकडल्या एका गावात तीन पिढ्या राहिलेली गोरखा माणसं. घरी नेपाळी बोलायची, इथे मोडक्या हिंदीत. गंगाच्या मुलाचं, विष्णूचं श्राद्ध करायचं होतं.

"कसा गेला?" शास्त्र्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

काशीनाथने प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "ताप आला, पंडितजी. लष्कराच्या दवाखान्यात गेला. साडेचार वर्षं झाली. हा दाखला."

शास्त्र्यांचं डोकं सणकलं. "मग आज कशाला आलात? तापाने गेलेल्याचं आज होत नाही. उद्या सर्वपित्री आहे, उद्या या. पंचांग तरी बघून निघायचं होतं घरून."

"उद्याच येऊ," काशीनाथ घाईने म्हणाला. "मी हेच सांगत होतो यांना."

"आजच करायचं," गंगा म्हणाली.

एकदा सांगून कळत नाही अशा यजमानांवर शास्त्रीबुवा जो आवाज चढवत, तो त्यांनी चढवला. तिथी म्हणजे काय, चतुर्दशी कोणाची, चुकलं तर मेलेल्याला पोचत नाही, सगळं ऐकवलं. बाई खाली मान घालून ऐकत राहिली आणि जागची हलली नाही. तेवढ्यात त्यांची बायको नंदा पिंडाचा भात घेऊन पायऱ्या उतरली.

"अहो, कशाला ओरडताय? गल्लीपर्यंत आवाज येतोय."

"अगं, तिथी चुकली यांची. तापाने गेलेला मुलगा, आणि चतुर्दशीला घेऊन बसल्यात."

नंदाने भाताचं भांडं ठेवलं आणि बाईकडे नीट पाहिलं. "इतक्या लांबून आलेली आई तिथी चुकेल का हो? आज का, ते विचारलंत?"

विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांत यजमानाची तिथी चुकते हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की ती चुकलेली नसेल हे मनातच आलं नाही. शास्त्र्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ते हळू बोलत. त्यांनी विचारलं.

गंगाने सांगितलं. विष्णू पोस्टात कारकून होता. सैन्याने राज्य ताब्यात घेतलं तेव्हा सगळा गाव रस्त्यावर उतरला, तोही उतरला, कामावर जाणं सोडलं. मोर्च्यावर गोळ्या झाडल्या त्या दिवशी तो धडधाकट घरी आला. पुढे मोर्चे थांबले, रस्ते धुऊन झाले, दुकानं उघडली, आणि सैनिक घराघरातून एकेकाला उचलायला लागले. विष्णूला जेवणावरून उठवून नेलं. पाचव्या दिवशी निरोप आला, ताप येऊन गेला, घरातल्या एका पुरुषाने यावं आणि सही करावी.

"माझा नवरा तर आधीच गेलेला. म्हणून सहीला हा दीर गेला," गंगा म्हणाली. "मला फाटकातून आत सोडलं नाही. तिथेच जाळला म्हणाले. राख दिली. तापाने गेलेल्या पोराचे कपडे त्यांनी का दिले नाहीत, पंडितजी? साडेचार वर्षं मी याला विचारते आहे. हा म्हणतो, ताप होता."

काशीनाथ नदीकडे बघत होता. पन्नाशीचाच असेल, पण पाठीला बाक आला होता.

"कर्त्याला बसावं लागेल," शास्त्री त्याला म्हणाले. "घरातला पुरुष तूच आहेस."

"आज मी बसणार नाही. आमच्या जथ्यातले तेवीस लोक धर्मशाळेत आहेत. आज का बसलो ते सगळ्यांना कळेल, आणि तिकडे सैन्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही." तो वहिनीकडे वळला. "भाउजू, तिकडे तुमची मुलगी आहे. सही करताना त्यांनी तिचं नाव घेतलं होतं माझ्यासमोर."

"तिनेच मला हा दिवस शोधून दिला," गंगा म्हणाली. "निघताना म्हणाली, आई, माझ्यासाठी थांबू नकोस."

करणारं कोणीच नसेल तर मेलेल्याचं श्राद्ध राजाने करावं, असं शास्त्र सांगतं. शास्त्र लिहिणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, राजानेच मारलं तर काय याचा केला नव्हता. शास्त्र्यांना एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. उद्या या, असं अजूनही म्हणता आलं असतं. उद्या शंभर माणसांत याचंही नाव घेतलं असतं, कोणी काही विचारलं नसतं, आणि ते आत्ता घरी जाऊन आडवे झाले असते.

"बाईंनाच बसवेन मी," ते म्हणाले. "कोणी नावं ठेवली तर ठेवू देत. पण संकल्पात हा शस्त्राने गेला असं म्हणायचं, तर तसं सांगणारा एक माणूस हवा. कागद ताप म्हणतो. देह कोणी पाहिला?"

गंगाने दिराकडे पाहिलं नाही. ती समोरच्या दर्भाच्या काड्या सारख्या करत राहिली. नंदा भाताशेजारी तशीच उभी होती.

"मी पाहिला," काशीनाथ म्हणाला. मग तो खाली बसला, आसनावर नाही, नुसत्या दगडावर. "ताप नव्हता, भाउजू. गोळी होती. इथून, मागून." त्याने मानेच्या वर डोक्याला हात लावला. "त्याआधी मारलं होतं खूप. पाय बघवत नव्हते. सही केली नाही तर मुलीलाही आणू म्हणाले. मी सही केली."

गंगा रडली नाही. तिने नुसती मान हलवली. तिला हे सगळं ठाऊक असल्यासारखी.

"अजून?" तिने विचारलं.

"हात मागे बांधले होते. तारेने. तसाच चितेवर ठेवायला निघाले होते. मी पाया पडलो त्यांच्या. पाच मिनिटं दिली. तार मांसात गेली होती, सुटता सुटेना. पण सोडली मी. दोन्ही हात सोडवून छातीवर ठेवले, आणि मग अग्नी दिला."

घाटावर कुठेतरी घंटा वाजत होती. गंगाच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. तिने हात पुढे करून दिराचं मनगट धरलं आणि त्याला दगडावरून ओढून आपल्या शेजारी आसनावर घेतलं.

"एवढं तरी मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "साडेचार वर्षं तो माझ्या स्वप्नात हात बांधलेलाच येतो."