कुंकू लागलेला प्रोसेसर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाची सारी आकडेमोड करणारा, दोन बोटं रुंदीचा चौकोनी तुकडा. सांगलीत कुणालच्या दुकानात मी तीन वर्षं एका डब्यात पडून होतो. गिऱ्हाईक यायचं आणि नव्याचं खोकं घेऊन जायचं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहायचं नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

मग उंब्रजहून संयोगिता आली. ती घरांचे नकाशे काढायची. तिचा संगणक पडद्यावर घराचा जिना फिरवून दाखवताना अडायचा.

"ताई, नवा प्रोसेसर लय पळतोय, पण तुमच्या बोर्डावर बसायचा न्हाई. बोर्ड, मेमरी, सगळंच बदलायला लागंल," कुणालनं सांगितलं आणि मला पुढं केलं. "ह्यो जुना हाय, पण तुमच्या आत्ताच्यापेक्षा दुप्पट काम करंल."

तिनं मला निवडलं. काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं! दोन वर्षं मी राब राब राबलो. वाहवा तिची व्हायची, माझं नाव कुणी घेत नसे. कामात असलं की तेही चालून जातं.

यंदा खंडेनवमीला संयोगिता फलटणला माहेरी होती. तिचे सासरे लालासाहेब निवृत्त फौजी. बंदुकीचा भाग न् भाग सुटा करून पुजायची त्यांची शिस्त. त्यांनी संगणक उघडला, मला अलगद काढून पाटावर उताणं ठेवलं, ओलं हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि होतं तसं बसवलं. माझ्या पोटावरच्या सोनेरी ठिपक्यांतून वीज येते. कुंकू नेमकं तिथंच लागलं.

संयोगिता परतली, तर संगणक सुरूच होईना. नकाशे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

"आबा, जुनं ते जुनंच. तवाच नवा घ्यायला पायजे होता," ती म्हणाली.

"व्हय पोरी. म्हातारी हाडं, किती दम धरणार?" लालासाहेब गुडघा चोळत म्हणाले. कुंकवानं माझी वीज अडलीय, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मला तोंड कुठं होतं सांगायला?

बोर्ड-मेमरीसकट नवा आला. मी आता सुट्या स्क्रूंच्या बरणीत असतो. लालासाहेबांवर माझा राग नाही. उभ्या आयुष्यात मला नमस्कार केला तो त्यांनीच.

मित्रांनो, जुनं काही बंद पडलं, तर त्याच्या वयाला बोल लावण्याआधी एकदा हलक्या हातानं पुसून पाहा. ते अजून काम करायला तयार असेल. मी आहे.